‘दुखणं त्यांनीच ओढवून घेतलंय’ या प्रतिक्रियेवर

नमस्कार. तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात 2013 पासून लैंगिक कल विचारायला सुरुवात झाली. समलिंगी आणि उभयलैंगिक प्रौढांत सिगारेट, दारू आणि मानसिक त्रास इतरांपेक्षा जास्त आढळला. यावर तुमचं म्हणणं असं, की राहणीच बेबंद असेल तर आजार होणारच. डॉक्टरच्या दारात सगळे सारखेच. आणि भारतातले आकडे कुठे आहेत?

सिगारेट आणि दारू जास्त, हे मीच लिहिलं होतं, तेव्हा त्यावर वाद नाही. प्रश्न आहे तो का जास्त याचा. 2004-05 मध्ये तिथल्या काही राज्यांनी समलिंगी विवाहाला बंदी घालणाऱ्या घटनादुरुस्त्या मंजूर केल्या. योगायोगाने त्याच्या आधी आणि नंतर त्याच माणसांच्या मुलाखती एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत झाल्या होत्या, म्हणून मार्क हॅट्झनब्यूलर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तुलना करता आली. बंदीच्या राज्यांतल्या समलिंगी-उभयलैंगिक लोकांत नैराश्यासारखे मनोविकार 36.6 टक्क्यांनी वाढले होते, दारूचे विकार 41.9 टक्क्यांनी. बंदी नसलेल्या राज्यांत अशी वाढ दिसली नाही. आता सांगा, ‘बेबंद राहणी’ राज्याची हद्द बघून बदलते का?

उलट बाजूही आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये 2004 मध्ये असे विवाह कायदेशीर झाले. तिथल्या एका दवाखान्यातल्या समलिंगी पुरुषांच्या नोंदी तपासल्या, तर पुढच्या वर्षभरात त्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी झाल्या होत्या. आणि हे जोडीदार असलेल्यांत जसं दिसलं तसंच एकट्या राहणाऱ्यांतही. म्हणजे लग्न झालं, घडी बसली, म्हणून तब्येत सुधारली असंही म्हणता येत नाही. सतत लपवत जगण्याचा ताण उतरला की शरीरही मोकळं होतं, एवढाच अर्थ मी लावते.

‘डॉक्टरच्या दारात सगळे सारखे’ हे वाचून मात्र हसू आलं. आपल्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेलं की तपासणीआधीचा प्रश्न कोणता? ‘लग्न झालंय?’ विचारायचं असतं वेगळंच, पण ते तोंडातून निघत नाही. चाळिशीतली, जोडीदारिणीबरोबर राहणारी बाई ‘नाही’ म्हणते, खरं उत्तर देते, आणि पुष्कळदा पॅप स्मिअरचा (गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीच्या तपासणीचा) विषय तिथेच संपतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारा एचपीव्ही हा विषाणू बाईकडून बाईलाही लागू शकतो. हे तिला कोणी सांगत नाही, आणि पुरुषाशी संबंध नाही तर तपासणी कशाला, असं तीही धरून चालते. (अविवाहित राहिलेल्या इतर बायकांनाही हाच अनुभव येतो, पण त्यावर स्वतंत्र लिहीन.) यात राहणीचा संबंध कुठे आला?

भारताच्या आकड्यांबद्दल तुमचा टोला योग्य जागी बसतो. आपलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण लैंगिक कलाचा प्रश्नच विचारत नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 ची धार बोथट करेपर्यंत खरं उत्तर देणं म्हणजे गुन्ह्याची कबुली दिल्यासारखंच होतं, तेव्हा ते दिलं तरी कोणी असतं? देशपातळीवर मोजलं गेलं ते प्रामुख्याने एचआयव्हीचं: 2021 च्या सरकारी पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत प्रमाण 3 टक्क्यांच्या थोडं वर, एकूण प्रौढांत 0.21. यांच्याकडून इतरांना संसर्ग होईल या काळजीपोटी यांना मोजलं. त्यांचा रक्तदाब, मधुमेह, झोप, नैराश्य कोणाच्या काळजीचा विषय नव्हता.

शेवटचा मुद्दा, ‘चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं तर बदलत नाहीत का?’ नाही. भारतीय मानसोपचार संघटनेने 2018 मध्येच समलैंगिकता आजार नसल्याचं जाहीर केलंय, आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे ‘बदलण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. तुम्ही ओळखीतल्या ज्या कुटुंबाबद्दल लिहिलंत, त्यांना कोणी डॉक्टर अजूनही असा उपचार सुचवत असेल, तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. केस पेपर आणि औषधांच्या चिठ्ठ्या तेवढ्या जपून ठेवायला सांगा.