बायकोच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्क माफ? नाही!

‘महाराष्ट्रात महिलेच्या नावे घर घ्या, स्टॅम्प ड्युटी शून्य’ हा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. 1 एप्रिल 2021 पासून महिलांना सवलत आहे ती फक्त 1 टक्क्याची, तीही राहत्या घरासाठी. दुकानाचा गाळा यात बसत नाही. शिवाय खरेदीखतात नवऱ्याचं नाव जोडलंत की सवलत गेली.

मुंबईत मेट्रो अधिभार धरून शुल्क 6 टक्के. 80 लाखांच्या फ्लॅटला 4 लाख 80 हजारांऐवजी बाईला 4 लाख लागतील. नोंदणी फीचे 30 हजार वेगळे.

‘शून्य’ कुठून आलं असावं? जानेवारी 2021 मध्ये सरकारने बिल्डरांना प्रीमियममध्ये, म्हणजे बांधकाम परवानगीसाठी त्यांनी भरायच्या शुल्कात, 50 टक्के सूट दिली. अट अशी, की सूट घेणाऱ्याने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क स्वतः भरायचं. पण ती योजना 2021 अखेरपर्यंतच होती, आणि तिचा स्त्री-पुरुषाशी संबंध नव्हता.

1 टक्का सवलतीत घेतलेलं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही, ही महिलांसाठीची जुनी अट मात्र 2023 मध्ये खरोखरच निघाली.