मूळ नोंद कायम

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात परवा खजिनदारांनी माझ्या हातावर तिळाची वडी ठेवली. "तिळगूळ घ्या, गोड बोला," म्हणाले, आणि मग जरा थांबून, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा बेताने, "मिशिगनवाले!" मागची चार माणसं हसली. त्यातल्या दोघांना मी ओळखतही नाही. म्हणजे प्रकरण आता माझ्या ओळखीच्या हद्दीबाहेर गेलंय.

ओहायोतल्या कोलंबस गावी राहणाऱ्या माणसाला मिशिगनवाला म्हणणं म्हणजे काय, ते समजायला कोल्हापूरकर व्हावं लागेल. शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे संघ भिडतात, त्या दिवसांत एका पेठेत राहून दुसऱ्या पेठेचा झेंडा खिडकीला लावून पाहा. तसं. आणि मी तर झेंडाही लावला नव्हता. मी फक्त वहीत एक शब्द लिहिला, तो खोडला, आणि खोडल्यावर सही करायची विसरलो.

माझा साडू डेट्रॉइटजवळ नोव्हाय गावात राहतो, मिशिगन विद्यापीठात शिकलेला. मी १७ वर्षं कोलंबसात, आणि थोरली गेल्या ऑगस्टपासून ओहायो स्टेट या इथल्याच विद्यापीठात. कॉलेज फुटबॉलच्या मोसमात दर आठवड्याला दहा सामन्यांचे निकाल आधी लिहून द्यायचे, ज्याचे जास्त बरोबर तो जिंकला, असा खेळ आमच्या दोन घरांत नि मित्रमंडळींत गेली काही वर्षं चालतो. अकरा जण, माणशी १० डॉलर. बरोबर निकालाला एक गुण. शेवटच्या आठवड्यातल्या ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन सामन्याला मात्र पाच. इतकी वर्षं हिशोब फोनवरच्या ग्रुपात तोंडी चालायचा. भांडणं व्हायची, मिटायची. सुखात होतो.

२०२४च्या मोसमात अण्णा आले.

अण्णा म्हणजे साडूचे वडील. सहकारी संस्थांचे लेखापरीक्षक म्हणून ३४ वर्षं नोकरी, सगळी सांगली जिल्ह्यात. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले आणि दुसऱ्याच आठवड्यात आमचा ग्रुप पाहून म्हणाले, "याला रजिस्टर नाही?" साडू हसला. तिथे त्याने हसायला नको होतं. अण्णांनी सामानातून लाल कापडी पाठीची वही काढली (माणूस अमेरिकेला येताना कोरी हिशोबाची वही का आणतो, हे मी विचारलं नाही), रकाने आखले आणि नियम लिहिले. अंदाज गुरुवारी रात्री नऊच्या आत, स्वतःच्या अक्षरात, खाली सही. कागदाचा फोटो चालेल, तोंडी चालणार नाही. खाडाखोड केल्यास आद्याक्षरी करावी. सभासदांची नावं त्यांनी गावावरून घातली. मी 'कोलंबसकर', त्यांचा स्वतःचा मुलगा 'डेट्रॉइटकर'.

या गृहस्थांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. "चेंडू हातात घेऊन पळतात आणि नाव फुटबॉल, इथेच पहिला आक्षेप," असं त्यांचं मत. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, हे मी त्यांना तीनदा समजावलं. दर प्रयत्नाआधी खेळाडू गोल करून डोकी एकत्र आणतात, ते पाहून ते म्हणत, "सभा भरली." शिट्टी वाजली की "तहकूब." साठ मिनिटांचा खेळ साडेतीन तास चालतो, याचं त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. "आमच्या वार्षिक सभांनाही गणसंख्येअभावी असंच व्हायचं," म्हणाले.

त्यांना इतिहास मात्र आवडायचा. मी त्यांना टोलेडोचं युद्ध सांगितलं. १८३५ साली ओहायो आणि मिशिगन टोलेडो गावाभोवतीच्या पट्ट्यावरून हमरीतुमरीवर आले, दोन्हीकडून सैन्य गोळा झालं, आणि जखमी झाला एकच माणूस. मिशिगनच्या एका डेप्युटी शेरिफला चाकू लागला. चाकू मारणाऱ्याचं नाव टू स्टिकनी. थोरल्या भावाचं नाव वन. बापाने मुलांची नावं खरोखरच एक आणि दोन अशी ठेवली होती. अण्णा प्रथमच प्रसन्न हसले. "नोंदीला सोयीचं," म्हणाले. मग गंभीर होऊन, "म्हणजे बेळगावच. आयोग नेमला का?" मी सांगितलं, टोलेडो ओहायोला मिळालं आणि मिशिगनला उत्तरेचा जंगली प्रदेश देऊन गप्प केलं. पुढे तिथे तांबं आणि लोखंड निघालं. अण्णा बराच वेळ गप्प होते. "पावणेदोनशे वर्षांवर झाली, आणि तुम्ही अजून चेंडूवरून भांडताय. आमचाही प्रश्न एखाद्या चेंडूवर नेला असता तर बरं झालं असतं," म्हणाले. यावर काय बोलणार?

थँक्सगिव्हिंगला साडूचं कुटुंब आमच्याकडे आलं. त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारात इंग्रजी एम हे अक्षर जिथे दिसेल तिथे त्यावर लाल पट्ट्यांची फुली मारतात. वुडी हेज नावाचे इथले जुने प्रशिक्षक मिशिगनचं नावच घेत नसत, 'ती वरची टीम' म्हणत. मिशिगनात पेट्रोल भरायला लागू नये म्हणून त्यांनी बंद पडलेली गाडी ढकलत हद्दीपार न्यायची तयारी केली होती, अशीही आख्यायिका आहे. लेकीने ही परंपरा स्वयंपाकघरात आणली. आमच्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांना तिनेच कधीकाळी इंग्रजीत चिठ्ठ्या लावल्या होत्या. मेथी, मोहरी, मिरची, मीठ, एकूण एक एम लाल पट्टीखाली गेला. गुरुवारच्या आमटीत बायकोने मोहरी समजून मेथीदाणे तडतडवले. अण्णा पहिल्या घासाला थांबले, पण पाहुणे असल्याने शेरा मारला नाही.

जेवणानंतर वही उघडली. मी साडूच्या तीन गुणांनी मागे होतो, म्हणजे सगळं त्या एका सामन्यावर. आता खरं सांगतो. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर, मिशिगन क्रमवारीतही नाही, सामना आमच्या मैदानावर, आणि सट्टेबाज ओहायोला जवळजवळ २० गुणांनी वरचढ धरत होते. पण २०२१, २०२२, २०२३, लागोपाठ तीन वर्षं मी हाच सामना हरताना पाहिला होता. पोळलेल्या माणसाने ताक फुंकून प्यावं, तसा मी हिशोब केला: मिशिगन लिहावं. ओहायो जिंकली तर आनंद, हरली तर निदान पैसे. याला मी विमा म्हणतो. बायको याला दुसरंच काहीतरी म्हणते. मी लिहिलं, "मिशिगन". तेवढ्यात मागून लेकीच्या पावलांचा आवाज आला. मी झटकन शब्दावर रेघ मारली, वर "ओहायो स्टेट" लिहिलं, वही मिटली आणि बडीशेप मागितली.

शनिवार, ३० नोव्हेंबर. खेळाचं फार सांगत नाही, सांगवत नाही. मध्यंतराला १०-१०. आमच्या पोराने सोप्या अंतरावरून दोनदा गोल चुकवला. शेवटची ४५ सेकंदं उरली असताना त्यांच्या पोराने २१ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला, आणि १३-१०. त्यांनी आमच्या मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायला घेतला, दोन्ही संघ एकमेकांवर धावले, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. लेक रडत होती. साडू माझ्याच सोफ्यावर चढून नाचत होता. अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "साखर कारखान्याच्या सभेत याहून जास्त होतं." मग कोणीतरी टीव्ही बंद केला. मी उठून भांडी घासायला निघालो.

"बसा कोलंबसकर," अण्णा म्हणाले. "निकाल जाहीर व्हायचाय."

एकेक नाव वाचलं गेलं. ओहायो. ओहायो. ओहायो. आणि मग, "डेट्रॉइटकर. ओहायो स्टेट."

होय. निळा-पिवळा शर्ट घालून सोफ्यावर नाचणाऱ्या त्या माणसाने वहीत ओहायो लिहिलं होतं! मी आनंदाने ओरडणार होतो. पण अण्णांचं बोट पुढच्या ओळीवर थांबलं. त्यांनी वही उचलली, ओट्याजवळ गेले, चिमणीचा दिवा लावला आणि पान त्याच्यासमोर धरलं.

"खाडाखोड आहे."

"हो अण्णा, जरा चुकून..."

"आद्याक्षरी नाही."

"मग रद्द करा ना माझी नोंद," मी म्हणालो. इतक्या मनापासून मी आयुष्यात काही मागितलं नव्हतं.

"नोंद कशी रद्द होईल? खाडाखोड रद्द. मूळ नोंद कायम." त्यांनी पान आणखी तिरकं केलं. "मूळ नोंद... मि..."

"मिसूरी!" मी म्हणालो. "अण्णा, ते मिसूरी आहे. दुसरा सामना होता तो. ओळ चुकली."

अण्णांनी शांतपणे चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ३४ वर्षांत त्यांच्यासमोर किती चेअरमन अशा आवाजात बोलले असतील! "मिसूरीत 'ग' कुठून आला?" ते म्हणाले.

"मग मी अंदाज मागे घेतो."

"माघारीची मुदत गुरुवारी नऊला संपली." आणि मग खणखणीत आवाजात, जणू ग्रामपंचायतीच्या फळ्यासमोर, "अकरा सभासदांपैकी केवळ एका सभासदाने मिशिगनच्या विजयाचा अंदाज वर्तवला. कोलंबसकर. गुण पाच. मोसमाचे विजेते. अभिनंदन."

कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. लेक माझ्याकडे पाहत होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

इथे संपलं असतं तरी चाललं असतं, पण अण्णांनी पाकीट काढलं. "११० डॉलर. आजच्या भावाने नऊ हजार रुपयांच्या वर. पाच हजारांवरच्या पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो." मी म्हटलं, अण्णा, ही अमेरिका आहे. ते म्हणाले, "माझी वही भारतातली आहे," आणि बंडीच्या आतल्या खिशातून तिकिटांची पट्टी काढली. एक तिकीट जिभेला लावून चिकटवलं. तिकिटावर आडवी सही घेतली. वर त्यांच्या सुबक अक्षरात मजकूर: 'मिशिगनच्या विजयाबद्दल रोख मिळाले.' साडूने त्याचा फोटो काढला. तोच फोटो आज मंडळाच्या खजिनदारांकडे आहे.

हसा. मीही हसतो. पण मला हे जरा टोचतंय. साडूने ओहायो लिहिलं, तो हरला, तरी निष्ठावंत. त्याच्या सोफ्यावरच्या नाचाचं कौतुक होतं. माझ्या ऑफिसातला, कोलंबसातच जन्मलेला एक गोरा सहकारी दरवर्षी छातीवर हात ठेवून सांगतो की आपण हरणार, आणि सगळे म्हणतात, बिचारा, किती जीव लावतो संघाला. मी तेच म्हटलं की फितूर. १७ वर्षं इथला बर्फ ओढला, सामन्याच्या दिवशी तुंबलेल्या रस्त्यांना शिव्या न घालता घरी आलो, पोरीची फी भरतो, लाखावर माणसं बसणाऱ्या त्या घोड्याच्या नालेसारख्या स्टेडियमात वरच्या शेवटच्या रांगेत कुडकुडत 'ओ-एच' या घोषणेला 'आय-ओ' म्हणून उत्तर दिलं. तरी आमची निष्ठा कायम तपासणीवर. इथेही आणि तिकडेही. तिकडे गेलो की 'तुम्ही आता अमेरिकावाले'. जाऊ दे, हा विषय निघाला की मी फार वेळ बोलतो.

गंमत म्हणजे हरूनही आमचा संघ बारा संघांच्या बादफेरीत गेला आणि २० जानेवारीला नोट्र डेमला ३४-२३ हरवून राष्ट्रीय विजेता झाला. रात्री लेकीचा फोन आला, मागे नुसता आरडाओरडा. मला वाटलं, मिटलं सगळं. दुसऱ्या शनिवारी घरी आल्यावर तिने मिसळणाच्या डब्यातल्या पट्ट्या काढल्या. मोहरी सुटली, मेथी सुटली. माझ्या चहाच्या कपावरची तेवढी राहू दिली. त्या कपावर एम नाहीच. साधी फुलं आहेत.

परवाच्या वडीनंतर मात्र राहवलं नाही. अण्णा पुढच्या आठवड्यात भारतात परतणार, त्याआधी त्यांना फोन लावला. म्हटलं, अण्णा, तुमच्या वहीला इथे मान आहे, फक्त एक दुरुस्ती करा. त्या खाडाखोडीवर मी आता आद्याक्षरी करतो, तारीख मागची टाकतो.

मागची तारीख म्हटल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"मागची नाही. आजची तारीख टाकून दुरुस्ती घेता येईल," शेवटी ते म्हणाले. "नोंद ओहायो स्टेट अशी कायम होईल. सभासदांना तसं लेखी कळवतो."

मी सुटकेचा श्वास सोडला.

"फक्त ११० डॉलर परत भरावे लागतील. ते डेट्रॉइटकरांना जातील."

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

"सावकाश," अण्णा म्हणाले. "व्याज नोव्हेंबरपासून धरलंय."