ताईत, देवीचा व्रण आणि तुमचा आक्षेप

नमस्कार. ‘दृष्टमणी, वाघनख, ताईत यांवर गोड गोड लिहून तुम्ही अंधश्रद्धेला चांदीचा मुलामा देता,’ असं बाळलेण्यांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही म्हणता. वाचून चिडले, खोटं कशाला बोलू! पण अर्धं तुमचं खरं आहे, ते आधी.

वाघनखाबाबत मी चुकलेच. बाळाच्या गळ्यातल्या मढवलेल्या नखाचं कौतुक केलं, पण खऱ्या नखाची खरेदी-विक्री १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे लिहायचं राहिलं. लेखात आता ती ओळ घातली आहे.

उरलेलं मान्य नाही. माझ्या आजीची पहिली दोन मुलं वर्षाच्या आत गेली. तिसरे माझे बाबा. घरात त्यांना धोंडू म्हणत. धोंड्याला कोण दृष्ट लावणार? मुलगी वाटावी म्हणून नाक टोचलेलं, आणि दंडाला काळ्या दोऱ्यात चांदीचा ताईत. त्याचं टोपण निखळलं म्हणून मागच्या वर्षी झवेरी बाजारात डाग द्यायला नेला. कारागिराने उलटा करून पाटावर टकटक आपटला. निघालं काय, तर लाखेचा खडा आणि कागदाचा भुगा! मंत्र होता की वाण्याची पुडी, देव जाणे. ‘मोडीत घालायचाय का?’ त्याने विचारलं. नाही म्हटलं.

त्याच दंडावर, ताईताच्या दोन बोटं वर, बाबांना देवीच्या लशीचा व्रण होता. मुंबईत ही लस १८०२ सालापासूनची. आजीने गिरगावातल्या चाळीतून मुलाला कडेवर नेऊन ती टोचून आणली आणि घरी येऊन ताईत पुन्हा बांधला. दोन पोरं गेलेली बाई, हाताला लागेल ते धरणारच.

तुम्ही २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा दाखला दिलात. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता गंडेदोरे करणारा त्यात गुन्हेगार ठरतो. ठरायलाच हवा. पण बाळाच्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या घालणाऱ्या आजीला त्याच्या रांगेत कशाला उभं करता?

‘स्वतःच्या मुलीला ताईत बांधला का?’ हेही विचारलंत. बारशाला बांधला, तासाभरात काढला, कारण दोरा तोंडात घालत होती. लशी पालिकेच्या दवाखान्यात, एकही न चुकवता. तीट मात्र अजून लावते. सासूबाई गावाला गेल्या असल्या तरीही.