मामा, भिंत फोडायला उभं बोअर कसं चालेल?

‘सह्याद्रीतून निघालेल्या पाताळगंगा काळ्या दगडाखालून वाहतात. 800 फूट गेलात की पाणी लागणारच. नारळ उभा राहील तिथे डोळे झाकून बोअर घ्या. मध्ये काळी भिंत लागली तर फोडा, तिच्यामागे तळं असतं.’ सोबत बोअरमधून उसळणाऱ्या पाण्याचा व्हिडिओ. हा मेसेज मी चार वेळा पुसून टाकला. पाचव्यांदा तो साक्रीहून धाकट्या मामांनी पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मंगळवारी बोअरची गाडी येतेय.’ त्यांची दोन बोअर आधीच कोरडी गेलीत, नुसता फुफाटा उडाला.

आधी पाताळगंगा. आपल्या पायाखाली सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत, एकावर एक. थराचा वरचा भाग पोकळ्यांचा, मधला घट्ट पाषाण, दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल गेरू. चुनखडीत पाणी भुयारं कोरतं, तसं या दगडात कोरत नाही. इथे पाणी मुरतं ते मुरमात, भेगांत आणि थरांच्या सांध्यात. किती? केंद्राच्या भूजल अंदाज समितीने धरलेलं प्रमाण बघा: कुजलेल्या, भेगाळलेल्या बेसॉल्टमधून, म्हणजे आपल्या काळ्या दगडातून, आकारमानाच्या 1 ते 3 टक्के पाणी निथळतं. अखंड पाषाणातून फार तर अर्धा टक्का. वाळूच्या गाळातून मात्र 12 ते 20. चोपडा-रावेरकडे तापीच्या गाळात खोल बोअर चालतात ती यामुळे. तो हिशोब साक्रीच्या माळाला लावायचा नसतो. आणि व्हिडिओतलं ते उसळणं? गाडीच्या कॉम्प्रेसरची हवा पाणी वर फेकते, मामा. हवा बंद केली की कारंजंही बंद.

खरा घात 800 फुटांत आहे. जसजसं खाली जावं तसतशा भेगा मिटत जातात. खोल सांध्यात कधी पाणी लागतं, नाही असं नाही, पण तिथवर पावसाचं पाणी पोचायला फार वेळ लागतो. उपसा मात्र रोजचा. त्यात केसिंग, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून आत घालतात तो पाइप, असतं वरच्या मुरमापुरतं. त्याच्या खाली उघड्या भोकातून वरच्या थराचं पाणी खाली गळतं आणि आपण म्हणतो बोअरला पाणी लागलं! ते शेजाऱ्याच्या विहिरीचं असतं, पुष्कळदा आपल्याच विहिरीचं. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात शेती आणि उद्योगासाठी 60 मीटर, म्हणजे साधारण 200 फूट किंवा त्याहून खोल विहीर-बोअर घ्यायला मनाई आहे, ती उगाच नाही. गाडीवाला हे सांगणार नाही, त्याचे पैसे फुटावर ठरतात.

नारळाबद्दल मी काही बोलत नाही. तळहातावर नारळ धरून पाणी सांगणारे पाणाडी मामींच्या माहेरचे आहेत.

राहिली काळी भिंत. इथे मेसेजवाल्याला थोडं माप द्यावंच लागेल. धुळे-नंदुरबारच्या माळांवर तटासारख्या लांबच लांब दिसणाऱ्या रांगा म्हणजे डाईक, जुन्या भेगांत वर चढून थिजलेला लाव्हा. दगड घट्ट असेल तर डाईक जमिनीखालचं पाणी अडवतो आणि चढाकडच्या अंगाला विहिरींना पाणी टिकतं. तोच भेगाळलेला असेल तर पाणी त्याच्यातूनच पाझरत जातं. म्हणजे भिंत खरी, तिच्यामागचं पाणीही काही ठिकाणी खरं. पण फोडा? डाईक जवळजवळ उभा असतो आणि बोअरही उभंच जातं. भिंतीच्या माथ्यावर गाडी लावून 800 फूट गेलात तरी बहुतेक भिंतीतच राहाल. आणि समजा फोडलीत, तर अडलेलं पाणी उताराला जाईल, तुमच्या पाइपात नाही.

मामा, तुमची जुनी विहीर त्या रांगेच्या चढाकडेच आहे ना? तिच्यातला गाळ काढा, मांजऱ्या, म्हणजे पोकळ्यांचा दगड दिसेल तिथे विहिरीच्या आतून आडवे बोअर घ्या. गाडीवाल्याला आजच फोन करा. इसार बुडाला तर निम्मा मी देतो.