‘रेडिएशन नाही, मग धोका कसला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एमआरआयच्या खोलीतल्या धोक्यांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, त्यामुळे उत्तरही जरा लांबणार आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, जगभर असंख्य लोक ही तपासणी करून सुखरूप घरी जातात, आणि मी मात्र एखाददुसऱ्या अपघातावरून लोकांना घाबरवतो आहे. ‘भाजणं’ वगैरे तर अतिशयोक्ती. तपासणीआधी तेच तेच प्रश्न तीनदा विचारून फॉर्मवर सही घेणं म्हणजे जबाबदारी रुग्णाच्या गळ्यात मारणं. आणि लेख वाचून तुमच्या वडिलांनी कंबरेचा एमआरआय रद्द केला, कारण त्यांच्या हृदयात स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) आहे.

आधी वडिलांबद्दल, कारण तेच सर्वांत महत्त्वाचं. तपासणी रद्द ठेवू नका. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत बसवलेल्या बहुतेक सगळ्या स्टेंटसह ३ टेस्लापर्यंतच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनमध्ये एमआरआय करता येतो, अगदी स्टेंट बसवल्यानंतर लगेचही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ सालीच तसं स्पष्ट केलं आहे. स्टेंटचा प्रकार एमआरआय विभागाला आधी कळवायचा, एवढंच.

आता रेडिएशन. एमआरआयमध्ये क्ष-किरण नाहीत, हे तुमचं वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. पण त्यावरून ‘धोका नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. इथला धोका चुंबकाचा आणि रेडिओलहरींचा आहे, आणि तो बहुतेक वेळा शरीरात नसतो. शरीरासोबत आत काय गेलं, यात असतो. मी कन्सोलवर बसून हे मशीन चालवणारा माणूस आहे. नुसतं माणसाचं शरीर आत जातं तेव्हा मी निश्चिंत असतो.

१.५ टेस्लाचं चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट. बहुतेक मशीनमध्ये ते उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियमने थंड केलेल्या तारांच्या वेटोळ्यातून निर्माण होतं. त्या तापमानाला तारेत विजेला विरोधच उरत नाही, म्हणून एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. रात्री स्कॅन नसतात, दिवे मालवलेले असतात, आवाज थांबलेला असतो, तेव्हाही चुंबक पूर्ण जोरात असतं. वीज गेली तरी असतं. २०१८ साली मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन खोलीत शिरलेला एक तरुण सिलिंडरसकट मशीनकडे ओढला जाऊन दगावला. मशीन बंद आहे असं आपल्याला सांगितलं होतं, असं त्याच्या नातेवाइकांनी तेव्हा म्हटलं. ‘बंद आहे’ या दोन शब्दांची मला सगळ्यांत जास्त धास्ती वाटते.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. लोखंडाला ओढणारं बल केवळ क्षेत्राच्या तीव्रतेवर ठरत नाही. ती तीव्रता किती झपाट्याने वाढते, यावरही ठरतं. आजकालच्या चुंबकांना असं कवच असतं की क्षेत्र खोलीबाहेर फारसं पसरत नाही. चांगली गोष्ट, पण त्यामुळे ते मशीनच्या तोंडाजवळ एकदम चढतं. दारात उभं राहून हातातली वस्तू हलली नाही, म्हणून माणूस बेफिकीर होतो आणि दोनच पावलांत ती हातातून निसटते. आधी थोडं, मग थोडं जास्त, असा इशारा मिळत नाही.

मग चुंबक बंदच करता येत नाही का? येतं. हेलियम उकळवून बाहेर सोडायचं, त्याला क्वेंच म्हणतात. पण क्षेत्र उतरायला मिनिटभर तरी जातो, आणि वायू बाहेर नेणारी नळी निकामी असेल तर खोलीतला प्राणवायूच कमी होतो. उडत्या वस्तूवर तो उपाय नाही.

भाजण्याला तुम्ही अतिशयोक्ती म्हणालात, तिथे मी अजिबात सहमत नाही. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएकडे एमआरआयमधल्या ज्या दुखापती कळवल्या जातात, त्यांत भाजण्याच्याच सर्वाधिक आहेत. सिलिंडरची बातमी होते, मांडीवरच्या फोडाची होत नाही. १.५ टेस्लाचं मशीन साधारण ६४ मेगाहर्ट्झच्या, तर ३ टेस्लाचं १२८ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी शरीरात सोडतं. ईसीजीच्या वायरचं वेटोळं झालं, दोन्ही हात एकमेकांत गुंफले, उघड्या मांड्या एकमेकींना टेकल्या, तर विजेच्या प्रवाहाला बंद वाट मिळते आणि जिथे स्पर्श अगदी थोडा असतो तिथे कातडी भाजते. हातांच्या किंवा मांड्यांच्या स्पर्शात धातू नसतो, ध्यानात घ्या. म्हणूनच आम्ही पायांमध्ये गादी सरकवतो आणि हात सुटे ठेवायला सांगतो. कातडीवर चिकटवायच्या औषधाच्या काही पट्ट्यांच्या पाठीला धातूचा पातळ थर असतो. वास येऊ नये म्हणून चांदीचे धागे विणलेले व्यायामाचे कपडेही असतात, आणि त्यांच्या लेबलवर दर वेळी तसं लिहिलेलं नसतं. कपडे बदलायला लावतात ते यासाठी.

इथेच एक मोठा गैरसमजही आहे : ‘शरीरात बसवलेलं उपकरण (इम्प्लांट) ३ टेस्लाला चाललं म्हणजे १.५ला चालणारच.’ नाही! शरीरात या लहरींची लांबी १.५ टेस्लाला साधारण अर्धा मीटर असते, ३ टेस्लाला त्याच्या निम्मी. इम्प्लांटची वायर किती तापेल हे तिची लांबी या मापाशी कशी जुळते यावर ठरतं, त्यामुळे एखादी वायर कमी ताकदीच्या मशीनमध्येच जास्त तापू शकते. पेसमेकरच्या कार्डावर ज्या अटी छापलेल्या असतात, त्या अक्षरशः पाळायच्या असतात.

फॉर्मबद्दल मात्र तुमच्या रागात तथ्य आहे. खोलीत काय शिरतं याची जबाबदारी विभागाचीच, सहीने ती कुणाच्या डोक्यावरून उतरत नाही. २००१ साली न्यूयॉर्क राज्यात सहा वर्षांचा मुलगा मशीनमध्ये गुंगीत झोपलेला असताना बाहेरून आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर उडून त्याला लागला आणि तो गेला. त्या मुलाकडून कोणताही फॉर्म भरून घेतला असता तरी काय होणार होतं? त्यानंतर अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने खोलीभोवती चार टप्पे आखायची पद्धत घालून दिली, ती यासाठीच की पडताळणी न झालेला माणूस त्या दारापर्यंत पोचूच नये.

पण काही गोष्टी फक्त तुम्हालाच माहीत असतात. तरुणपणी ग्राइंडिंग करताना डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण कुठल्याच फाइलमध्ये नसतो. तो चुंबकात सरकला तर दृष्टी जाऊ शकते. पहिल्यांदा विचारल्यावर ‘काही नाही’ म्हणणाऱ्या माणसाला कपडे बदलताना कानातलं यंत्र आठवतं, आडवं झाल्यावर मेंदूच्या शस्त्रक्रियेत बसवलेली जुनी धातूची क्लिप आठवते. तिसऱ्यांदा विचारणं वाया गेलं असं मला कधीच वाटत नाही. सोबतच्या माणसालाही तेच प्रश्न हवेत. २०२५ साली न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर जो गृहस्थ गेला, तो रुग्ण नव्हता. पत्नीला उठायला मदत करायला तो आत गेला होता आणि त्याच्या गळ्यात सुमारे नऊ किलोची साखळी होती.

तेव्हा वडिलांची नवी तारीख घ्या. स्टेंट बसवल्यावेळचं डिस्चार्ज कार्ड सापडलं तर त्याचा फोटो विभागाला आधीच पाठवा. वेल्डिंग, लेथ, ग्राइंडिंग असं काही त्यांनी कधी केलंय का, आणि अंगावर औषधाची पट्टी आहे का, हे घरीच शांतपणे विचारून ठेवा. आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानात बोळे नीट बसलेत याची खात्री करून घ्या. हातात आम्हाला बोलावण्यासाठी दाबायचा रबरी फुगा देतील. अंगाला कुठेही चटका किंवा विचित्र गरम लागलं, तर स्कॅन संपायची वाट न पाहता तो दाबायचा, असं त्यांना सांगा. आम्ही थांबवतो, बघतो आणि पुन्हा सुरू करतो, त्यात कुणालाही त्रास नसतो.