स्लॅब पडला का?

घर बांधायला काढलेल्या माणसाला अख्खा गाव एकच प्रश्न विचारतो, ‘‘स्लॅब पडला का?’’ पडला म्हटलं की लोक पेढे मागतात. हेच उत्तर पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा द्यावं लागलं तर मात्र अग्निशमन दलाची गाडी येते. एका क्रियापदात बारसं आणि तेरावं दोन्ही उरकणारी आपली भाषा आहे, याचा अभिमान बाळगावा आणि कामाला लागावं. पहिल्या पडण्यापासून दुसऱ्या पडण्यापर्यंत बिनचूक कसं पोचायचं, एवढंच मी सांगणार आहे. अनुभव स्वतःच्या घराचा आहे, म्हणून सल्ला फुकट.

इंजिनियर लागतोच. त्याच्या सहीशिवाय नगरपालिका परवानगी देत नाही आणि परवानगीशिवाय बँक कर्ज देत नाही. दोन्ही हातात आलं की त्याचा नकाशा घडी घालून कपाटात ठेवा. साइटवर नेऊ नका, सिमेंटच्या हातांनी मळतो. शिवाय मिस्त्रीपुढे नकाशा धरणं म्हणजे सुगरणीपुढे पाककृतीचं पुस्तक धरणं. त्याला सगळं पाठ असतं: कॉलम 9 बाय 12, बाराच्या सळया, सहा इंचावर रिंग. खाली मुरूम आहे की पावसाळ्यात फुगणारी काळी माती, वर एक मजला चढणार की तीन, असल्या चौकश्या करून तो तुमचा वेळ घेत नाही.

हा नऊचा आकडा कुठून आला? गणितातून नाही, विटेतून. भिंत नऊ इंची, म्हणून कॉलम नऊ इंची, म्हणजे तो भिंतीत गुडूप होतो. 2016 चं आयएस 13920, म्हणजे भूकंपाचा विचार करून केलेली आपली संहिता, कॉलमची कुठलीही बाजू 300 मिलिमीटरपेक्षा कमी नको म्हणते. म्हणजे बारा इंच. म्हणजे बैठकीच्या खोलीत तीन इंचांचा कोपरा पुढे. आता भूकंप कधी येईल ते सांगता येत नाही, पण एल आकाराचा सोफा पुढच्या दिवाळीत नक्की येणार आहे. शहाण्याने सोफ्याप्रमाणे डिझाइन करावं.

तसा काँक्रीटमध्ये लोखंड घालायच्या या शास्त्राच्या ओनाम्यात एका माळ्याचाही हात आहे. फ्रान्समधल्या जोसेफ मोनिए या बागाईतदाराने सिमेंटच्या कुंड्या भक्कम व्हाव्यात म्हणून आत लोखंडी जाळी घातली आणि 1867 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कुंड्यांसाठी निघालेली वस्तू आपणही कुंडीसारखीच वापरतो. आपल्या छज्ज्यांवरचे पिंपळ बघा, कसे तरारलेले असतात.

या जोडीचं मर्म असं. काँक्रीट दाब मुकाट सोसतं, पण ताणलं की तुटतं; त्याची ताण सोसण्याची ताकद दाबाच्या मानाने दहाव्या हिश्श्याच्या आसपास. लोखंड ताण झेलतं. उन्हात दोघंही जवळपास सारखीच प्रसरण पावतात, म्हणजे पत्रिका जुळलेली. फक्त जिथे ताण, तिथे सळई, एवढं सांभाळायचं. घराचं वाटोळं करायचं असेल तर नेमका इथेच हात घालावा, कारण लोखंड एक किलोनेही कमी न करता काम फत्ते होतं.

बाल्कनीचं बघा. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब मधोमध खाली वाकतो, त्याचं पोट ताणलं जातं, म्हणून तिथे सळई खालून. बाल्कनी एकाच बाजूने धरलेली. ती पुढून झुकते आणि तिची पाठ ताणली जाते, म्हणून तिथे मुख्य सळई वरून. ती वर राहावी यासाठी तिच्याखाली वाकवलेल्या गजाच्या खुर्च्या लावतात. महाराष्ट्रात खुर्चीचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागत नाही, तरी नेमकी हीच खुर्ची कुणाला नको असते. फिटर दोन-तीन ठेवतो, बाकीच्या ‘नंतर टाकू’ म्हणतो. मग स्लॅबच्या दिवशी पंधरा-वीस माणसं घमेली घेऊन त्या जाळीवरून ये-जा करतात आणि संध्याकाळपर्यंत वरची सळई अलगद तळाला जाऊन बसते. नकाशात आहे तेवढंच लोखंड, वजनाचं बिलही तेवढंच, फक्त तीन इंच खाली. बघणाऱ्याला फरक कळत नाही. बाल्कनीला कळतो. माझ्या बाल्कनीत भिंतीलगत एक रेघ उमटली आहे. ठेकेदाराने येऊन तिच्यावरून नख फिरवलं आणि म्हणाला, ‘‘हेअर क्रॅक आहे साहेब, सगळ्यांना असतात.’’ तेव्हापासून आम्ही चहाला नको असलेल्या पाहुण्यांना तिथे बसवतो.

कव्हर ब्लॉक ही तर अगदीच किरकोळ वस्तू. सिमेंटचा चौकोनी तुकडा, सळई आणि सेंट्रिंगची, म्हणजे माल ओतायच्या साच्याची, प्लेट यांच्यामध्ये सरकवायचा, म्हणजे सळईखालीही काँक्रीट जातं. आयएस 456, म्हणजे काँक्रीटच्या कामाची आपली संहिता, स्लॅबला सळईबाहेर किमान 20 मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर मागते, कॉलमला 40 आणि पायाला 50. तुम्ही फरशीची कपची लावा. ती पहिल्या धक्क्याला निसटते, सळई प्लेटवर लोळते आणि प्लेट काढल्यावर छताला नक्षीसारखी दिसते. प्लास्टर मारलं की नक्षीही गेली. पुढचं काम हवेवर सोपवायचं. काँक्रीट अल्कलीधर्मी असतं आणि त्यामुळे आतलं लोखंड गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत मुरत ही अल्कली मारत येतो. चांगल्या काँक्रीटचे 20 मिलिमीटर मुरायला त्याला खूप वर्षं लागतात. ती मजा नातवंडं बघतील. पाच मिलिमीटर ठेवले तर आपल्याच डोळ्यांदेखत होते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. ती मिळाली नाही की तो काँक्रीटला बाहेर ढकलतो, आणि एके संध्याकाळी मालिका बघताना वरून खपली ताटात पडते. कोकणात असाल तर एवढं थांबायचंही कारण नाही. खाडीची वाळू न धुता वापरा. मिठाला कव्हरबिव्हर काही लागत नाही.

आता मुख्य सण. नारळ फुटला, मिक्सरला हळदकुंकू लागलं, लिफ्ट धडधडायला लागली, की मालकाने खाली मांडवात खुर्ची टाकून जिलेबीचा हिशोब बघावा. वर जाऊ नये. गेलात तर पाण्याचा पाइप दिसेल आणि मन उगाच विचलित होईल. 50 किलोच्या पोत्याला 25 ते 27 लिटर पाणी पुरतं. पण तसला घट्ट माल ओढताना माणसाचे खांदे उतरतात, म्हणून मुकादम ओरडतो, ‘‘पातळ कर की रं, चालंना!’’ मिक्सरवाला डबा मोजत नाही, पाइप सोडतो. माल आमटीसारखा धावायला लागला की सगळे खूश. पसरतो आपोआप, वरून थापी फिरवली की काचेसारखा दिसतो. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं, जाताना बारीक बारीक वाटा ठेवून जातं, आणि जुलैत त्याच वाटांनी परत येतं.

व्हायब्रेटर भाड्याने आणाच. बिलात दिसायला हवा. तो जेवणाच्या सुट्टीआधी बंद पडतो. मग एक पोरगा सळई घेऊन बीममध्ये टोचत बसतो, जसं आजी ढोकळा शिजला का बघते. बीम आणि कॉलमच्या सांध्यात सळयांची सगळ्यात जास्त गर्दी असते, तिथे माल पोचतच नाही. फळ्या काढल्यावर त्या जागी शेंगदाण्याच्या चिक्कीसारखी खडी दिसते. फोटो काढू नका. तुम्ही मोबाइल खिशातून काढेपर्यंत गवंड्याने वरून सिमेंटचा लगदा थापलेला असतो, आणि इतक्या तत्परतेने त्या घरात दुसरं कुठलंही काम झालेलं नसतं.

क्युरिंगबद्दल शेजाऱ्यांचं ऐका. ते दुसऱ्या दिवशी स्लॅबवर पाय आपटून सांगतील, ‘‘वा, कडकडीत सुकलाय!’’ सिमेंट सुकून नव्हे, तर पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं, ही रसायनशास्त्राची कटकट लग्नसराईत कुणाला सांगायची? साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि राख मिसळलेल्या पीपीसीला 10 दिवस ओल हवी, असं आयएस 456 म्हणतं, आणि दुकानात बहुतेक वेळा मिळतं ते पीपीसीच. स्लॅबवर आळी करून पाणी कोंडा म्हणतात. एप्रिलात टँकरला पैसे पडतात. त्यापेक्षा वॉचमनच्या मुलाला सकाळी एकदा पाइप मारायला सांगा. कॉलमला बारदान गुंडाळायचं म्हणतात, तेही नको. कॉलम उभा असतो, पाणी ओघळून जातं, बघणाऱ्याला ओला दिसला म्हणजे झालं.

टेकूंचंही तसंच. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान 7 दिवस, त्याहून मोठ्याचे 14, सहा मीटरहून लांब बीमचे 21. पण सेंट्रिंगवाल्याच्या प्लेटा पुढच्या साइटवर हव्या असतात आणि त्याच्या भाड्याचं मीटर चालू असतं. काढू द्या.

या सगळ्यात एकाच गोष्टीवर मनापासून काम होतं: क्यूब. सहा इंचांचे हे ठोकळे प्रयोगशाळेत 28 दिवसांनी दाबून फोडतात. त्यांच्यासाठी ठेकेदार स्वतः माल कालवतो, पाणी मापून घालतो, थर देऊन ठासतो आणि तब्बल 28 दिवस हौदात बुडवून ठेवतो. अहवाल दर वेळी उत्तम येतो. माझ्याकडे सहा ठोकळ्यांची इतकी सुरेख प्रमाणपत्रं आहेत, की कधीकधी वाटतं, ठोकळ्यांतच राहायला जावं.

राहता राहिला भूकंप. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. तेव्हापासून माती नको, स्लॅब हवा, एवढा धडा गावोगाव पाठ झाला. सोयरीक जुळवतानाही ‘स्लॅबचं घर आहे’ हे आधी सांगतात. 26 जानेवारी 2001 ला भुजचा भूकंप झाला आणि तिथून दोनशेहून जास्त किलोमीटर दूर अहमदाबादेत चांगल्या आरसीसीच्या इमारती बसल्या. त्यांतल्या कितीतरी खाली पार्किंग आणि वर भिंतींनी जड मजले अशाच. स्लॅब तिथेही होता. एकावर एक होता.

तेव्हा तळमजल्यावर गाळे काढा. मधल्या भिंती नकोत, शटरला अडचण होते. एखादा कॉलम आड येत असेल तर वास्तुतज्ज्ञाला विचारून सरकवा. इंजिनियरला विचारलंत तर तो नाही म्हणेल. कॉलमच्या रिंगांचे हूक 135 अंशांत आत वळवायचे असतात, म्हणजे हादऱ्यात रिंग उघडत नाही आणि आतलं काँक्रीट आवळलेलं राहतं. फिटर 90 अंशांवर सोडतो. दोन ठोके वाचतात. आत काय आहे ते बघायला घर पडल्याशिवाय कोण जाणार?

उरलेले पैसे दर्शनी बाजूला लावा. काचेचं रेलिंग, दगडासारखी टाइल, पीओपीच्या छतात निळे दिवे. आणि गच्चीवर कॉलमच्या सळया तीन-तीन फूट उभ्या सोडा. धाकट्याचं लग्न ठरलं की वरचा मजला चढवायचा आहे ना. तोवर त्यांना दोरी बांधून कपडे वाळवा, टोकांवर उलटी मडकी ठेवा, एकीला काळी बाहुली लटकवा. नजर लागत नाही. गंज लागतो, पण तो नजरेत येत नाही.

आमच्या गच्चीवरच्या सळयांना यंदा एकोणीस वर्षं झाली. धाकट्याचं ठरलं, म्हणून त्याच मिस्त्रीला बोलावलं. त्याने एक सळई हलवली, तिची पापुद्र्यांची सालं त्याच्या तळहातावर निघून आली. ती त्याने विजारीला पुसली, खाली बाल्कनीत येऊन रेघेवर खुर्ची टाकून बसला आणि चहा फुंकत म्हणाला, ‘‘चालतंय मालक, नवी सळई बांधून घेऊ हिलाच. मुहूर्त बघा. स्लॅब कधी पाडायचा?’’