राणीच्या गालावरची झीज

नाण्यांचं प्राइस गाइड दुकानदाराच्या हातात असतं तेव्हा तो वेद असतो. तेच आपण पिशवीतून काढलं की ती जुनी आवृत्ती होते.

मी ब्रिटिशकालीन नाणी जमवतो. हा छंद श्रीमंतांचा असतो असा एक समज आहे, पण माझा संग्रह बघितल्यावर तो टिकत नाही. ढब्बू पैसे, भोकाचे पैसे, चवल्या, पावल्या, आणि डब्याच्या तळाशी मखमलीत गुंडाळलेले थोडे चांदीचे राणीछाप आणि राजाछाप रुपये. घरात या ऐवजाला ‘ह्यांचे खुळखुळे’ म्हणतात. यातलं काहीही घ्यायचं किंवा विकायचं म्हटलं की मध्ये गाइड येऊन बसतं.

गाइड दिसायला सोपं असतं. प्रत्येक नाण्यापुढे चार-पाच रकाने. नाणं जितकं कमी झिजलेलं तितका उजवीकडचा रकाना, आणि उजवीकडे सरकताना भाव असा काही चढतो की दम लागावा. डावीकडे ‘फाइन’, म्हणजे राजा आहे की राणी एवढं कळतं. मग व्हीएफ (व्हेरी फाइन), मग एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन), आणि शेवटी ‘अनसर्क्युलेटेड’, म्हणजे टाकसाळीतून निघाल्यावर जे व्यवहारात फिरलंच नाही ते. जे कुणाच्या हाती लागलं नाही ते माझ्या हाती कुठून लागणार? तरी मी गाइड उघडतो तेव्हा डोळा पहिल्यांदा त्याच रकान्यावर जातो.

एका प्रदर्शनात मी राणीछाप रुपया घेतला. साल १८६२. नवख्यांनी या सालाने हुरळू नये. १८६२ पासून १८७४ पर्यंत टाकसाळी रुपयांवर १८६२ हेच साल छापत राहिल्या. छापील फॉर्म संपल्याशिवाय नवे काढायचे नाहीत, ही आपल्या कचेऱ्यांची रीत किती जुनी आहे ते इथे कळतं. मुंबईच्या टाकसाळीने मात्र खरं वर्ष कळावं म्हणून बारीक ठिपक्यांची सोय केली. ठिपके किती आणि कुठे, यावर रुपयाची जात ठरते, आणि जातीवर भाव. दीडशे वर्षांनी माझ्यासारखी माणसं डोळ्याला भिंग लावून ठिपके मोजत बसतील, हे त्या कारागिरांना माहीत असतं तर त्यांनी ते जरा मोठे तरी काढले असते.

“बघा साहेब, सालाखाली दोन ठिपके,” दुकानदार म्हणाला.

मला एकच दिसला. “दुसरा मळ वाटतोय.”

“मळ? अहो, मुंबई टाकसाळीचा ठिपका आहे तो!” त्याने गाइड उघडून बोट ठेवलं. एका ठिपक्याचा भाव वेगळा, दोन ठिपक्यांचा वेगळा. मी दोन ठिपक्यांचे पैसे मोजले.

पुढे घरातला फ्रिज बंद पडला आणि या खर्चात छंदानेही हातभार लावावा असा ठराव झाला. ठरावाच्या विरोधात मी एकटाच होतो. रुपया घेऊन त्याच दुकानदाराकडे गेलो. त्याने तो उलटा-पालटा केला, दिव्याखाली धरला, आणि डॉक्टर रिपोर्ट वाचताना करतात तसा चेहरा केला.

“राणीच्या गालावर झीज आहे.”

“तुम्ही दिलात तेव्हाही गाल असाच होता.”

“तेव्हा व्हीएफ होता. आता ग्रेडिंग कडक झालंय साहेब.”

“आणि ठिपके?”

“ठिपका. एकच आहे. दुसरा मळ आहे.”

मी पिशवीतून गाइड काढलं. त्याने मुखपृष्ठाकडे नुसतं बघितलं. मग समजुतीच्या स्वरात म्हणाला, “साहेब, यात छापलेला भाव मी विकतो तेव्हाचा. मी घेतो तेव्हाचा भाव कुठल्याच पुस्तकात नसतो.” खरं सांगायचं तर तो चूक नव्हता. माझा रुपया त्याच्या काचेखाली किती काळ पडून राहील याचा नेम नाही, आणि तोवर त्याचे पैसे अडकलेले. पण चूक नसलेल्या माणसाशी हुज्जत घालण्यात जो त्रास असतो तो चुकीच्या माणसाशी घालण्यात नसतो.

मुळात गाइडमधले भाव येतात कुठून? बरेचसे लिलावांतून. समजा, दोन हट्टी माणसं एकाच अधेलीसाठी समोरासमोर ठाकली. दोघांनाही ती नको झाली तरी हात खाली घेववत नाही. शेवटी हातोडा पडतो, वर लिलावगृहाचं कमिशन, त्यावर जीएसटी. त्या दोघांच्या हट्टाचा आकडा मग पुढच्या आवृत्तीत ‘बाजारभाव’ म्हणून छापला जातो, आणि देशभरातले माझ्यासारखे लोक आपापली अधेली काढून सुखावतात. ज्याने हरून हात खाली घेतला तो मात्र त्या भावाला पुन्हा कधीच येत नाही.

माझा न्यू जर्सीतला भाचा एकदा जाडजूड अमेरिकन कॅटलॉग घेऊन आला. त्यात जगातल्या प्रत्येक नाण्याला नंबर आणि भाव डॉलरमध्ये. “मामा, इकडे कशाला विकतोस? तिकडे पाठव ना!” त्याला सांगावं लागलं की १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि तुला-मला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे डॉलरमधला भाव फक्त वाचायचा. आई तो कॅटलॉग उचलून म्हणाली, “पापडावर ठेवायला बरा आहे.” तो तेव्हापासून त्याच कामाला आहे.

खरा छळ मात्र गाइड घरात असल्याची बातमी फुटल्यावर सुरू होतो. शेजारचे काका मोबाइल नाचवत आले. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं दहा लाखांना जातं, असा व्हिडिओ होता. त्यांच्याकडे अशी दोन होती, आणि वीस लाखांचं काय करायचं याची आखणीही झाली होती. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून सांगितलंय की बँकेच्या नावावर जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीत कमिशन आणि कर मागणारे भामटे आहेत, हे मी त्यांना वाचून दाखवलं. काका म्हणाले, “रिझर्व्ह बँक असंच म्हणणार! त्यांनाच हवी असतील ती नाणी.” काकूंकडे कमळाचे पितळी वीस पैसे. त्यात सोनं आहे अशी त्यांची खात्री. गाइडमधला भाव दाखवल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, “तुमच्या पुस्तकाला सोन्यातलं काय कळतंय!”

शिवराईची तऱ्हा आणखी वेगळी. मुळात ती महाराजांची, हे खरं. पण ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ अशी अक्षरं असलेलं तांब्याचं हे नाणं पुढे पेशवाईतही आणि त्यानंतरही पडत राहिलं, आणि आज बाजारात सर्रास मिळणारी दुदांडी, म्हणजे अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेली, शिवराई नंतरची. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा छोटा, त्यामुळे कुठे ‘श्री’ गायब तर कुठे ‘पति’. अक्षरं जेवढी जास्त उमटलेली तेवढा भाव जास्त, हा गाइडचा हिशेब. जुन्या बाजारात एका विक्रेत्यापाशी मी हे सगळं विद्वत्तेने सांगून भाव पाडायला लागलो. त्याने शिवराई कपाळाला लावली आणि आवाज चढवून विचारलं, “महाराजांच्या नाण्यावर घासाघीस करता?” आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मी सांगितला तो भाव दिला, वर शिवराई कपाळालाही लावली.

आमच्या देवघरातला राणीछाप रुपया गाइडात बसतच नाही. दर लक्ष्मीपूजनाला आई तो चिंचेने घासते, त्यामुळे तो आरशासारखा चकाकतो आणि राणीच्या केसांचा अंबाडा होता की नव्हता हे आता इतिहासावर सोपवलेलं आहे. घासलेल्या नाण्याला संग्राहक हात लावत नाहीत, नाण्यावरचा काळपटपणा हाच त्याचा दागिना, असं मी आईला एकदा सांगून बघितलं. ती म्हणाली, “मग भांडीसुद्धा घासू नकोस. विकताना भाव येईल.” भांडी सध्या माझ्याकडे असतात.

शेवटी ज्याच्याकडे गाइडच नाही अशा माणसाकडे जायचं ठरवलं. पेठेतला ओळखीचा सराफ. त्याला ठिपके नकोत, गाल नको, साल नको. त्याने काटा मांडला. जुना रुपया मूळचा तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. चांदीचा भाव एवढा चढलेला की नेहमीच्या सालांच्या झिजक्या रुपयांना त्याने सांगितलेला आकडा माझ्या गाइडातल्या व्हीएफच्या रकान्यापेक्षा वर निघाला. कुठलीही आवृत्ती न बघता, एका दमात. मला आनंद व्हावा की रडू यावं हे कळेना.

मग त्याने १९४० पासूनचे राजाछाप बाजूला काढले. “यात चांदी निम्मीच. युद्धात घटवली.” तेही बरोबर होतं. सवयीप्रमाणे त्याने उरलेल्यांवरून चुंबक फिरवलं आणि एक रुपया टुणकन उडून चुंबकाला चिकटला. १९४७ चा. एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला वाघ.

सराफाने माझ्याकडे असं बघितलं की दुकानातली दोन गिऱ्हाइकं मागे सरकली. “साहेब, तुम्ही? खोटा रुपया?”

“खोटा नाही हो! या साली चांदी बंद करून रुपया निकेलचा केला. निकेल चुंबकाला चिकटतंच. न चिकटणारा निघाला तर संशय घ्यायचा.”

“म्हणजे चिकटतो तो खरा?”

“हो.”

“वर रुपया लिहिलंय आणि आत चांदी नाही?”

“गुंजभरही नाही.”

त्याने वाघाला चुंबकावरून सोडवलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, “मग माल खोटा नाही साहेब, पार्टीच खोटी होती.”